एचआयव्ही असलेल्याने उन्हाला किती घाबरावे? न भरणाऱ्या डागाविषयी थोडे सविस्तर



बंदी लागायच्या आधीची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास आपल्या पानाच्या इनबॉक्समध्ये एक मेसेज आला. "दादा, माझे नाव कुठे घेऊ नका. मला सहा वर्षांपासून एचआयव्ही आहे, गोळ्या चालू आहेत. हाताच्या पाठीवर एक गाठ आली आहे, तीन महिने झाले, वरून फुटते, परत खपली धरते, पण भरत नाही. मोबाइलवर वाचले की एचआयव्हीवाल्यांना उन्हाने कातडीचा कॅन्सर होतो. आमचा तर जन्म उन्हात गेला. खरे आहे का हे?"

माणूस ट्रॉलरवर कामाला. कुठल्या जेटीवर ते विचारू नका, मी सांगणार नाही. त्याला त्याच रात्री दोन ओळी लिहून पाठवल्या, की उद्याच्या उद्या त्वचेच्या डॉक्टरला दाखव. पण नंतर डोक्यातून विषय जाईना. आपल्या सोसायटीत शेकडो घरे, बोटींवर बाहेरून आलेले खलाशी वेगळेच. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत. त्यातले काही आपल्यात असणारच, आणि ते काही हात वर करून सांगणार नाहीत. म्हणून माहीतगार डॉक्टरांशी बोलून आणि वाचून हे लिहिले आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

पहिल्यांदा सरळ उत्तर. हो, एचआयव्ही असलेल्या माणसाला कातडीच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत हा आजार मुळातच कमी, त्यामुळे वाढलेला धोकासुद्धा गोऱ्या लोकांइतका मोठा होत नाही. आणि गोळ्या नियमित घेऊन ज्याची प्रतिकारशक्ती चांगली राहिली आहे त्याला धोका आणखी कमी. म्हणजे झोप उडवून घ्यायचे कारण नाही. पण कमी आढळतो म्हणूनच तो आपल्याकडे ओळखला जात नाही, आणि उशिरा कळतो. खरी अडचण तिथे आहे.

आता हे होते कसे ते बघू. आपल्या अंगात रोज कुठे ना कुठे एखादी पेशी बिघडते. उन्हातले अतिनील किरण कातडीच्या पेशीतल्या मूळ नकाशालाच ओरखडे पाडतात. बहुतेक ओरखडे शरीर स्वतः दुरुस्त करते. जी पेशी दुरुस्त होत नाही तिला प्रतिकारशक्तीचे पहारेकरी शोधून मारतात. या पहारेकऱ्यांना हुकूम देणाऱ्या पेशी म्हणजे सीडी४, आणि एचआयव्ही नेमका त्यांनाच धरतो. निरोगी माणसात रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. उपचार नसतील तर वर्षागणिक उतरत जातात, २०० च्या खाली गेल्या की तिला एड्सची अवस्था म्हणतात. जाळ्याचे चार आस तुटले तर एवढे काही बिघडत नाही, मासळी येते. पण पोटालाच भगदाड पडले तर काय राहणार? तसेच हे. बिघडलेली पेशी सुटून जाते आणि वाढायला लागते.

ऊन हे एक कारण झाले. दुसरे कारण विषाणूंचे. काही विषाणू असे आहेत की ते निरोगी माणसाच्या अंगात वर्षानुवर्षे गप्प बसून राहतात, आणि पहारा ढिला झाला की पेशींना कॅन्सरच्या वाटेला लावतात. एचआयव्ही स्वतः कातडीचा कॅन्सर करत नाही. तो दार उघडे टाकतो, आत दुसरेच शिरतात.

गंमत म्हणा की दुर्दैव, पण एड्स हा आजार जगाच्या नजरेत आला त्यात कातडीचा मोठा वाटा होता. १९८१ च्या जून-जुलैमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनी कळवले, की तरण्याताठ्या पुरुषांच्या अंगावर जांभळट डाग येत आहेत. हा होता कापोसी सार्कोमा. व्हिएन्नाचे डॉक्टर मोरित्झ कापोसी यांनी तो १८७२ मध्ये नोंदवून ठेवला होता, पण तोपर्यंत तो बहुतेक म्हाताऱ्या माणसांच्या पायावर, हळूहळू वाढणारा म्हणून माहीत होता. तिशीतल्या माणसाला तो का व्हावा, या कोड्यातून पुढचा शोध लागत गेला. त्यामागचा विषाणू सापडायला मात्र १९९४ उजाडले. युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याने तो शोधला. तो नागिणीच्या विषाणूच्या कुळातला आहे.

कापोसीचा डाग कसा दिसतो हे नीट लक्षात ठेवा, कारण तो फसवा असतो. खाजत नाही. बहुतेक वेळा दुखतही नाही. गोऱ्या कातडीवर जांभळा-लालसर दिसतो, आपल्या कातडीवर काळपट, तपकिरी किंवा गडद जांभळा. मार लागून रक्त साकळल्यासारखा वाटतो, पण साकळलेले रक्त आठ-पंधरा दिवसांत पिवळे पडून जाते, हा जात नाही. दाबला तरी रंग फिका होत नाही. पाय, चेहरा, नाकाचा शेंडा, आणि तोंडात वर टाळूवर येतो. बोटीवर रोज कुठे ना कुठे आपटायचेच, विंचचा मार, दोरीचा मार, त्यामुळे पायावरचा काळा डाग कोण मोजतो? म्हणून एचआयव्ही असलेल्याने महिन्यातून एकदा आरशात आ करून टाळू बघावी. दोन मिनिटांचे काम आहे.

भारतात कापोसी कमीच आढळतो, कारण तो विषाणूच आपल्याकडे फारसा पसरलेला नाही. आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात तो भरपूर आहे. आणि एक चांगली गोष्ट म्हणजे पहारा परत उभा राहिला की हा कॅन्सर पुष्कळदा स्वतःच मागे हटतो. एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, हाच त्याचा पहिला उपचार. पसरलेला असेल तर सोबत किमोथेरपी देतात. एकच सावधगिरी आहे. गोळ्या नव्याने सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत डाग वाढल्यासारखे दिसू शकतात. प्रतिकारशक्ती जागी होताना असे होते. गोळ्यांनीच बिघडले असे समजून कुणी त्या बंद करू नयेत, डॉक्टरला दाखवावे.

आता उन्हाचे कॅन्सर. त्यात दोन मुख्य जाती, बेसल सेल आणि स्क्वामस सेल. नावे लक्षात नाही राहिली तरी चालेल. बेसल हळू वाढतो, बहुतेक चेहऱ्यावर येतो, मोत्यासारखी चकाकणारी किंवा आपल्या लोकांत काळसर अशी गाठ, मध्ये खळगा, कधी रक्त येऊन खपली. तो सहसा लांब पसरत नाही, पण जागच्या जागी नाक-पापणी खात जातो. स्क्वामस जास्त वाईट. खरखरीत, जाड, चामखिळीसारखा किंवा काठ वर आलेला व्रण, आणि वेळेत काढला नाही तर जवळच्या गाठींत जातो. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्य संस्थेच्या सभासदांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एचआयव्ही असलेल्यांमध्ये हे दोन कॅन्सर मिळून इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. स्क्वामसच्या बाबतीत सीडी४ जितके खाली तितका धोका वर, असेही दिसले. पण तो अभ्यास गोऱ्या लोकांचा होता, हे विसरायचे नाही. मोबाइलवर जे फिरते ते बहुतेक अशाच अभ्यासांतून आलेले असते, आणि आपण ते जसेच्या तसे अंगाला लावून घेतो.

आपल्या कातडीतला काळा रंग, मेलॅनिन, ही देवाने दिलेली छत्रीच आहे. म्हणून आपल्यात हे कॅन्सर उन्हाच्या जागी तेवढे येत नाहीत. येतात कुठे? जिथे कातडी वर्षानुवर्षे छळली गेली तिथे. जुन्या भाजल्याच्या वणावर, वर्षे न भरलेल्या पायाच्या जखमेवर, सतत घासणाऱ्या जागी. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. व. रा. खानोलकर यांनी १९४५ च्या सुमारास 'धोतराचा कॅन्सर' म्हणून एक प्रकार नोंदवला होता. कमरेला धोतराची गाठ रोज त्याच जागी करकचून बसते, कातडी काळी पडते, सोलते, चिरते, आणि फार वर्षांनी एखाद्याला तिथे स्क्वामस होतो. पुढे साडी-परकराच्या नाडीनेही तसेच होते हे दिसले. आपल्या आया-बहिणी पहाटेपासून मासळीच्या टोपल्या घेऊन बाजारात बसतात, कमरेला खाऱ्या पाण्याने भिजलेली साडी कसलेली. नाडीच्या जागी काळा पट्टा असणे वेगळे, आणि त्या पट्ट्यात न भरणारी चीर पडणे वेगळे. दुसरे दिसले तर दाखवा. एचआयव्ही असो नसो.

तिसरी जात मेलॅनोमा, सगळ्यांत घातक. एचआयव्हीमुळे तो थोडाच वाढतो, पण आपल्यासारख्यांत तो अशा जागी येतो की कुणी बघतच नाही, तळपायावर, तळहातावर, नखाखाली. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक दुसऱ्या दुकानात ज्याचे चित्र छापलेला टी-शर्ट लटकतो तो बॉब मार्ली यानेच गेला. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळे दिसले, फुटबॉल खेळताना लागले असे वाटले. ११ मे १९८१ ला तो वारला तेव्हा वय अवघे ३६. नखाखालचे काळे दारावर बोट चेपल्यामुळे असेल तर नखाबरोबर पुढे सरकत जाऊन कापले जाते. जे सरकत नाही, रुंद होत जाते किंवा नखाच्या मुळाची कातडी काळी करते, ते तपासून घ्यावे.

आता डोळ्याकडे येतो. माझ्या मते आपल्या लोकांसाठी या सगळ्या लेखात सर्वांत कामाची गोष्ट हीच आहे.

दर्यावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढलेले आपण पुष्कळ बघतो. ऊन, वारा, खारे पाणी. तो कॅन्सर नाही. पण त्याच जागी, पांढऱ्या आणि काळ्या बुबुळाच्या सीमेवर, एक वेगळी गोष्ट वाढू शकते. पांढरट किंवा लालसर, जेलीसारखी किंवा खडबडीत, वर रक्ताच्या बारीक नळ्या आलेली. हा डोळ्याच्या वरच्या पडद्याचा स्क्वामस कॅन्सर किंवा त्याची आधीची पायरी. याला ऊनही लागते आणि ढिला पहाराही लागतो, आणि एचआयव्ही असलेल्यांमध्ये तो अनेक पटींनी जास्त दिसतो. युगांडासारख्या देशांत, जिथे ऊन डोक्यावर आणि एचआयव्ही घरोघरी, तिथे त्याचे प्रमाण फार वाढले. आपल्याकडे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतल्या डॉक्टरांनी यावर बरेच काम केले आहे. कितीतरी रुग्णांना आपल्याला एचआयव्ही आहे हे डोळ्यातल्या या गाठीच्या निमित्तानेच पहिल्यांदा कळले. म्हणून चाळिशीच्या आतल्या माणसाच्या एकाच डोळ्यात असे काही भराभर वाढले तर डोळ्याचे डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात. तेव्हा रागावू नका. आणि "मांस वाढलेय, सगळ्यांनाच असते" म्हणून वर्ष घालवू नका. लवकर सापडले तर छोटी शस्त्रक्रिया किंवा काही वेळा नुसते डोळ्यात घालायचे थेंबही पुरतात. उशीर झाला तर डोळा जातो.

लाजेच्या जागेविषयीही दोन शब्द लिहितो, कुणी नाक मुरडू नये. गुप्तांगावर आणि शौचाच्या जागी जे मस्से येतात ते एचपीव्ही नावाच्या विषाणूचे. एचआयव्ही असलेल्यात ते चिवट होतात, आणि काही वर्षांनी त्यातल्या काहींचा कॅन्सर होऊ शकतो. बायकांमध्ये हाच विषाणू गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करतो, आणि एचआयव्ही असलेल्या बाईला त्याचा धोका सुमारे सहापट असतो. खरे सांगायचे तर आपल्याकडच्या एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी कातडीच्या कॅन्सरपेक्षा हा फार मोठा प्रश्न आहे. पंचविशीपासून त्याची तपासणी ठरावीक वर्षांनी करून घ्यायला हवी. एआरटी केंद्रात विचारा, सांगतात.

आता उलट बाजू. एचआयव्ही असलेल्याच्या कातडीवर जे जे येते त्यातले बहुतेक कॅन्सर नसते. दाद, नागीण, चामखीळ, हातापायांवर डास चावल्यासारखे प्रचंड खाजणारे पुरळ, यातले काहीही येऊ शकते, आणि त्यातल्या पुष्कळ गोष्टी फक्त एवढेच सांगत असतात की प्रतिकारशक्ती खाली आली आहे, रक्त तपासा. त्यात आपल्या धंद्याचे स्वतःचे आजार वेगळे. ज्याने मेसेज केला त्याची गोष्ट अशीच निघाली. त्वचेच्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, या जागी काही टोचले होते का? टोचले होते. जाळे साफ करताना शिंगाळ्याचा काटा, गाठ यायच्या महिनाभर आधी. तो विसरूनही गेला होता. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. पाण्यात राहणारा, क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला एक जंतू असतो, तो काट्याच्या वाटेने आत गेला होता. त्याला थंडावा आवडतो, म्हणून हात-बोटे हीच त्याची जागा. नेहमीच्या आठ दिवसांच्या औषधाने तो हलत नाही, काही महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्या आता चालू आहेत. पण हे तुकडा तपासल्यावर कळले. नुसते बघून डॉक्टरलाही खात्री देता आली नव्हती.

तुकड्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या वाड्यांत एक समज पक्का बसलेला आहे, की गाठीला सुरी लागली की कॅन्सर अंगभर पसरतो. मी स्वतः तो लहानपणापासून ऐकत आलो. हे खरे नाही. कातडीची बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा काढायचा, एक-दोन टाके किंवा तेही नाहीत, दुसऱ्या दिवशी माणूस हिंडता-फिरता. त्याने कॅन्सर पसरत नाही. समज का बसला तेही कळते. लोक तुकडा काढायलाच इतक्या उशिरा जातात की तोवर आजार पसरलेला असतो, आणि दोष सुरीवर येतो. खरे नुकसान करते ते दुसरेच. बिब्बा लावणे, चुना लावणे, ॲसिडने जाळणे, ब्लेडने कापणे, किंवा मेडिकलमधून आणलेले कुठलेही स्टेरॉइडचे मलम महिनोन्महिने चोळणे. याने वरचे झाकले जाते, खालचे वाढत राहते.

कधी दाखवायचे याचा सोपा हिशेब चार आठवड्यांचा. कुठलीही जखम, डाग, गाठ चार आठवड्यांत भरण्याच्या वाटेवर नसेल, तर दाखवा. वाढत असेल, रक्त येत असेल, रंग बदलत असेल तर तेवढेही थांबू नका. खालच्या ओठावर न जाणारी पांढरी खपली असेल, आणि त्यात विडी-तंबाखू असेल, तर तेही याच हिशेबात. डॉक्टरकडे गेल्यावर आपल्याला एचआयव्ही आहे हे त्यांना सांगा. गावाला सांगायची गरज नाही, पण डॉक्टरला सांगितले नाही तर तो चुकीच्या दिशेने विचार करेल.

उन्हाचे काय करायचे? "दुपारी बाहेर पडू नका" हा सल्ला आपल्याला देणाऱ्याने एकदा बोटीवर येऊन बघावे. तरी काही करता येते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक, वेळ मोजायला घड्याळ नको. त्या वेळात जाळे शिवणे, मासळी निवडणे असली बसून करायची कामे ताडपत्रीच्या आडोशाला करता आली तर करावीत. लक्षात ठेवा, ऊन फक्त वरून येत नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो. पातळ ढग असले तरी ९० टक्क्यांपर्यंत किरण खाली येतात. क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी ठेवते, त्यापेक्षा चौफेर काठाची टोपी किंवा टोपीखालून मानेवर सोडलेला पंचा चांगला. पूर्ण बाह्यांचा, दाट विणीचा शर्ट. डोळ्यांसाठी यूव्ही ४०० लिहिलेला चष्मा, नुसती काळी काच नको. क्रीमचे मी फार सांगत नाही. घामाने आणि पाण्याने ते दोन तासांत उतरते, परत लावायचे म्हणजे खर्च आणि कटकट. ज्यांना जमते त्यांनी चेहरा, कान आणि ओठांपुरते लावावे.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. सीडी४ खाली असताना इतर आजार होऊ नयेत म्हणून कोट्रायमॉक्सझोल नावाची गोळी देतात. तिने काही लोकांची कातडी उन्हाला जास्त हळवी होते, चेहरा-हात काळे पडतात, आग होते. एचआयव्हीनेसुद्धा तसे होऊ शकते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, अंग झाकायचे आणि डॉक्टरला सांगायचे. मात्र गोळीनंतर सगळ्या अंगावर पुरळ उठले, तोंड सोलले, ताप आला तर ते वेगळे आणि तातडीचे, त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे.

पण टोपी-चष्म्यापेक्षा मोठे संरक्षण म्हणजे रोजची गोळी. भारतात एआरटी १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळते, आणि २०१७ पासून सीडी४ कितीही असो, तपासणीत एचआयव्ही निघाला की लगेच सुरू करतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. नियमित घेतली तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसा तो राहिला तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवणे, एकत्र झोपणे, एकाच सुरीने मासळी कापणे यातून तर तो कधीच लागत नव्हता.

गोळी चुकते कुठे? बोटीवर. आठ-आठ दिवसांची फेरी, सात-आठ माणसे एका खोपटात, कुणाची पिशवी कुणाच्या उशाला. डबी दिसली तर विचारतील कशाची, म्हणून माणूस गोळ्या घरीच ठेवून जातो. फेरी वाढली की गोळ्या संपतात. बंदीचे ६१ दिवस गावी गेला की तिथल्या केंद्रात नाव नसते. हे सगळे सुटण्यासारखे आहे. केंद्रात आधी सांगितले तर लांबच्या गावी जाणाऱ्याला जास्त दिवसांच्या गोळ्या देतात, किंवा आपली एआरटी पुस्तिका दाखवून दुसऱ्या केंद्रातून घेता येतात. बोटीवर गोळ्या मूळ डबीतच, झाकण घट्ट लावून, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब ठेवायच्या. एक दिवस चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

इथे बोट मालकांशी आणि तांडेलांशी थोडे बोलायचे आहे. कुठल्या गोळ्या घेतो हे विचारू नका. बीपी, साखर, थायरॉइड, आज निम्म्या लोकांच्या खिशात कसली ना कसली डबी असते. प्रत्येकाला कुलूप लावता येईल असा एक छोटा डबा किंवा कप्पा बोटीवर दिला तर एका जाळ्याच्या तुकड्याएवढाही खर्च येत नाही. त्वचेच्या डॉक्टरकडे जायला कुणी एक दिवस मागितला तर द्या. आणि कायदाही माहीत असू द्या. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही, कामावर घेताना एचआयव्हीची तपासणी मागता येत नाही, आणि एखाद्याचे त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही.

लोक लपवतात यात त्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही. गोव्याने तर हे फार जवळून पाहिले आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही निघाला म्हणून, पोलिसांनी उचलून नेले आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटे डांबले. त्या वेळच्या गोव्याच्या कायद्यात तशी तरतूदच होती. तो आणि त्याची आई कोर्टात गेले, पुढे ती सक्ती ढिली झाली. १९९२ मध्ये तो वारला. २००५ चा 'माय ब्रदर निखिल' हा सिनेमा त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला. ज्यांनी तो काळ पाहिला ते आज पन्नाशी-साठीत आहेत, आणि घरात अजून त्याच आवाजात बोलतात. त्यामुळे हातावरची गाठ तीन महिने बाहीखाली झाकून ठेवणारा माणूस मला तरी नवा वाटत नाही.

बांबोळीच्या गोमेकॉमध्ये एआरटी केंद्रही आहे आणि त्वचारोग विभागही, एका फेरीत दोन्ही कामे होतात. सकाळी लवकर जा, केसपेपरच्या रांगेत वेळ जातो. मोबाइलमध्ये डागाचा पहिला फोटो असेल तर तो दाखवा, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून काढलेला असेल तर आणखी चांगले, किती वाढला ते डॉक्टरला लगेच कळते. इतर ठिकाणच्या आपल्या वाचकांनी जवळच्या जिल्हा इस्पितळात विचारावे. एचआयव्हीविषयी काहीही विचारायचे असेल तर १०९७ हा सरकारी नंबर फुकट आहे, नाव सांगावे लागत नाही.

बंदी चालू आहे, हातात वेळ आहे. पानाच्या इनबॉक्समध्ये नेहमीसारखे विचारा. नाव बाहेर जाणार नाही.